पिवळं चांदीचं पाणी बरं की बिनरंगाचं?

एका वाचकांचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ६१ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून घरीच चांदीचं पाणी बनवतो. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, शुद्ध चांदीच्या दोन तारा आणि डिस्टिल्ड वॉटर. सायनसचा जुना त्रास आहे, म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा कप घेतो. सर्दी झाली तरी आठवड्याभरात जाते. परवा पुतण्या म्हणाला, 'काका, तुम्ही बनवता ते कलिल नाहीच, ते आयनिक आहे. पोटात गेलं की संपलं.' त्याने 'अस्सल कलिल चांदी' लिहिलेली पिवळसर पाण्याची बाटली आणून दिली. तिच्यावर ३० पीपीएम आहे, माझं पाणी मीटरवर १२ दाखवतं. दोन्हींत नेमका फरक काय? कोणतं घ्यावं? की निम्मं-निम्मं मिसळून घेऊ? ता. क. हीसुद्धा घेते. तिला थायरॉइडची गोळी आहे, ती याच पाण्याबरोबर घेते, म्हणजे दोन्ही कामं एकदम होतात."

नमस्कार,

उत्तर ताज्या कलमापासून सुरू करतो, कारण पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तिथे आहे. वहिनींची गोळी उद्या सकाळपासून साध्या पाण्याबरोबर. चांदीमुळे थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं औषध, आतड्यातून नीट शोषलं जात नाही. टेट्रासायक्लिन आणि क्विनोलोन गटातल्या अँटिबायोटिक्सचंही तेच होतं. म्हणजे दोन वर्षं त्या गोळी गिळतायत आणि तिच्यातला काही भाग कदाचित वायाच जातोय. त्यातून डॉक्टरांनी मधल्या काळात गोळीचा डोस वाढवला असेल, तर आता चांदी बंद झाल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो. तेव्हा डॉक्टरांना चांदीच्या पाण्याबद्दल स्पष्ट सांगा आणि बंद केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, करून घ्या. धडधड, हाताला थरथर, झोप उडणं असं काही वाटलं तर तेवढं थांबायचंही कारण नाही. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. त्यांनी याहून विचित्र गोष्टी ऐकलेल्या असतात.

आता तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. पण तुमचा प्रश्न मुळात रसायनशास्त्राचाच आहे, त्यामुळे बोलायचा थोडा अधिकार आहे.

पुतण्या बरोबर सांगतोय, निदान निम्मं तरी. तुमच्या यंत्रात वीज सुरू झाली की एका तारेच्या पृष्ठभागावरचे चांदीचे अणू एकेक इलेक्ट्रॉन सोडतात आणि पाण्यात उतरतात. असा इलेक्ट्रॉन गमावलेला एकटा अणू म्हणजे चांदीचा आयन. तो पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, मीठ विरघळतं तसा. म्हणून पाणी नितळ आणि बिनरंगाचं दिसतं. घरगुती यंत्रातल्या पाण्यात बहुतांश चांदी याच रूपात असते. कलिल चांदी वेगळी. तिथे धातूच्या चांदीचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे. २० नॅनोमीटरच्या एका कणात सुमारे अडीच लाख अणू असतात. आयन म्हणजे एकटा वाटसरू आणि कण म्हणजे आख्खं गाव, इतका तो फरक आहे. हे कण जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला पिवळसर दिसतो. रंग गडद झाला की बनवणारे लोक 'जास्त तेज निघालं' म्हणतात, पण त्याचा अर्थ कण वाढले किंवा मोठे झाले, इतकाच. तुमचं यंत्र जास्त वेळ चालू ठेवलंत तर तुमचंही पाणी पिवळं पडायला लागेल, कारण काही आयन पुन्हा इलेक्ट्रॉन घेऊन धातू बनतात आणि एकमेकांना चिकटतात. दुसऱ्या तारेवर जी काळी लव साचते आणि जी तुम्ही पुसून टाकत असाल, तीही चांदीच.

ओळखायला घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात. खोली अंधारी करून लेझर पॉइंटरचा झोत पेल्यातून आडवा सोडा. कलिल असेल तर झोताची रेघ पाण्यात आरपार उजळलेली दिसते, नुसते आयन असतील तर जवळजवळ दिसत नाही. शाळेत टिंडल परिणाम म्हणून शिकलो, तोच हा. दुसरी गोष्ट म्हणजे चिमूटभर मीठ. तुमच्या पाण्यात टाकलंत तर बघता बघता धुरकट पांढरी झाक येईल. तो सिल्व्हर क्लोराइड. बाटलीतल्या पाण्यात तशी पांढरी झाक आली, तर लेबलवर काहीही छापलेलं असो, आत आयनच जास्त आहेत. आणि बाटली हलवल्यावर वर फेस येऊन बराच वेळ टिकला, तर तो तिसराच प्रकार: प्रथिनाला बांधलेली चांदी. तीही 'कलिल' म्हणूनच विकली जाते.

(या तिसऱ्या प्रकाराचा इतिहास गमतीचा आहे. १९०२ साली अल्बर्ट बार्न्स आणि हर्मन हिले यांनी प्रथिनाला बांधलेल्या चांदीचं 'आर्जिरॉल' नावाचं औषध काढलं. अँटिबायोटिक्स नव्हती त्या काळात ते जंतुनाशक म्हणून धडाक्यात खपलं. त्या पैशांतून बार्न्सने रेन्वार, सेझान वगैरेंची चित्रं ढिगाने घेतली, ती आज फिलाडेल्फियाला बघायला मिळतात. चांदीने कुणाचं भलं केलं असेल तर त्याचं नक्की केलं.)

तुमच्या मीटरबद्दलही सांगायला हवं. तो विद्युतवाहकता मोजतो आणि आकडा क्षारांच्या हिशोबाने दाखवतो. चांदीचे कण वीज वाहून नेत नाहीत, त्यामुळे ते त्याच्या हिशोबात येतच नाहीत. म्हणजे तुमचे १२ हा आयनांचा ढोबळ अंदाज झाला. आणि बाटलीवरचे ३० तुमच्या मीटरने तपासायला गेलात तर तो भलताच आकडा दाखवेल.

आता विक्रेत्यांचं भांडण. आयनिकवाले म्हणतात, आमची चांदी सगळ्यात बारीक, म्हणून चटकन लागू पडते. कलिलवाले म्हणतात, आयन पोटातल्या आम्लाला भेटले की क्लोराइड होऊन निकामी होतात, आमचे कण मात्र तसेच पुढे जातात. दुसऱ्याच्या मालाबद्दल दोघंही जे बोलतात ते बऱ्यापैकी खरं असतं. स्वतःच्या मालाबद्दल बोलायला लागले की गाडी घसरते.

जंतू मारण्याचं काम चांदीत मुख्यतः आयन करतात. २०१२ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी चांदीचे कण आणि जिवाणू प्राणवायू नसलेल्या वातावरणात एकत्र ठेवले. प्राणवायू नाही म्हणजे कणांमधून आयन सुटू शकत नाहीत. तेव्हा कण जवळजवळ निरुपद्रवी ठरले. म्हणजे कण हा आयनांचा हळूहळू गळणारा नळ आहे. तुमच्या पेल्यात पाणी आधीच सोडलेलं आहे, पुतण्याच्या बाटलीत नळ थेंबथेंब चालतोय. आत जाणारी वस्तू शेवटी एकच.

आणि त्या आयनांचं पुढे काय होतं? पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल. रक्तद्रवात दर लिटरला साधारण साडेतीन ग्रॅम क्लोराइड. शिवाय गंधक असलेली प्रथिनं, जी चांदी दिसली की तिला धरून बसतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत चांदी जंतू मारते, त्याबद्दल वाद नाही. पण बशीत ना क्लोराइडचा समुद्र असतो, ना प्रथिनांची गर्दी. शरीरात मोकळा आयन सायनसपर्यंत पोचून तिथे जंतू मारेल, ही आशा रसायनशास्त्राला पटत नाही. तोंडावाटे घेतलेल्या चांदीने एखादा आजार बरा होतो असं दाखवणारा भरवशाचा पुरावाही नाही. शरीराला चांदीची गरज नाही, त्यामुळे 'कमतरता भरून काढणं' वगैरे जे लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९९९ साली सरळ नियमच केला: कलिल चांदी किंवा चांदीचे क्षार असलेली, चिठ्ठीविना विकली जाणारी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येणार नाहीत. पोटात घ्यायची नाहीत आणि वरून लावायचीही नाहीत. त्या नियमात कलिल आणि क्षार (म्हणजे आयनिक) एकाच वाक्यात बसवले आहेत, हे लक्षात घ्या.

तुम्ही म्हणाल, घेतलेली बरीचशी चांदी शौचावाटे निघूनच जाते ना? जाते. पण सगळी जात नाही, आणि जी राहते ती कायमची राहते.

इथे मला माझी प्रयोगशाळा आठवते. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मीठ टाकलं की दह्यासारखा पांढरा साका खाली बसायचा. ती परीक्षानळी मी मुद्दाम खिडकीत ठेवायचो आणि शिकवत राहायचो. तास संपेपर्यंत साका वरच्या बाजूने जांभळट राखाडी झालेला असायचा, सावलीच्या बाजूने पांढराच. उजेड चांदीच्या आयनांना पुन्हा धातू बनवतो. जुनी फोटोग्राफी याच करामतीवर चालायची. आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटावर पडला तर त्या क्षणी काहीच दिसायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिथे काळा-तपकिरी डाग. साबण, लिंबू, घासणी, कशालाही दाद द्यायचा नाही. दोन आठवड्यांनी वरची कातडी झडली की आपोआप जायचा.

आर्जिरिया नावाचा जो विकार आहे तो म्हणजे हाच डाग, फक्त आतून पडलेला. शोषली गेलेली चांदी रक्तातून कातडीच्या खालच्या थरात जाऊन बसते, उजेड लागला की काळवंडते आणि चेहरा, मान, हात निळसर राखाडी व्हायला लागतात. हा थर झडत नाही. म्हणून डागही जात नाही. चांदी शरीराबाहेर काढणारं औषध नाही. लेझरने काही जणांचा रंग फिका करता आला आहे, पण ते इंच-इंच करायचं दुखरं काम आहे. याच बाबतीत पुतण्याच्या 'अस्सल कलिल'चा शेवटचा आधारही निघून जातो. अमेरिकेतल्याच ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हा सगळा प्रवास मांडला: कण जठरातल्या आम्लात विरघळून आयन होतात, आयन रक्तात जातात, कातडीत उजेडाने पुन्हा त्यांचे कण बनतात. म्हणजे कलिल प्यायलात तरी वाटेत ते आयनिक होतं आणि आयनिक प्यायलात तरी शेवटी कातडीत कलिलच होतं! कोणतं घ्यावं आणि मिसळून घ्यावं का, या तुमच्या प्रश्नांचं उत्तर यातच आलं: कोणतंच नको.

ही भीती पुस्तकी नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले स्टॅन जोन्स १९९९ साली, वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल लागताना संगणक कोलमडतील या भीतीच्या, गोंधळात अँटिबायोटिक्स मिळाली नाहीत तर काय, म्हणून घरी चांदीचं पाणी बनवून प्यायला लागले. २००२ साली ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा निळा-राखाडी झालेला होता, आणि बातम्या धोरणांच्या कमी, रंगाच्याच जास्त आल्या. पॉल कॅरासन हे गृहस्थ २००८ मध्ये टीव्हीवर 'निळा माणूस' म्हणून जगभर माहीत झाले. तेही घरीच बनवायचे, वर्षानुवर्षं प्यायचे आणि चेहऱ्यालाही लावायचे. दोघांची यंत्रं तुमच्यासारखीच, विजेवर चालणारी.

तुमचा हिशोब करू. पीपीएम म्हणजे एका लिटरला एक मिलिग्रॅम. अर्धा कप म्हणजे १०० मिली धरला तर दिवसाला २०० मिली, आणि १२ पीपीएमने झाली २.४ मिलिग्रॅम चांदी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने आयुष्यभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी जी मर्यादा ठरवली आहे, ती वजनाच्या दर किलोला ५ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम, आणि त्यात जेवणातून नि पिण्याच्या पाण्यातून येणारीही धरायची. तुम्ही आठपट घेताय. तेवढंच पाणी बाटलीतलं घेतलंत तर ६ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. ही मर्यादा ओलांडली की लगेच माणूस निळा होतो असं नाही, ती मुद्दाम हात राखून ठरवलेली असते. पण दोन वर्षांत तुमच्या पोटात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास चांदी गेली आहे, आणि त्यातली किती मुक्कामाला राहिली हे तुमचा मीटर सांगणार नाही.

मग चांदी औषधात कुठेच नाही का? आहे की. १८८० च्या दशकात कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली आणि कितीतरी मुलांची दृष्टी वाचली. भाजलेल्या जखमांसाठीचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम १९६८ पासून आहे. चांदी असलेल्या मलमपट्ट्या आजही वापरतात. पण हे सगळं वरून, मोजून, ठरावीक दिवसांपुरतं आणि कुणीतरी जखम बघून दिलेलं असतं. त्यावरून प्यायच्या पेल्याचं समर्थन होत नाही. घरच्या पाण्याचे थेंब डोळ्यांत घालणं किंवा ते वाफेच्या यंत्रातून फुप्फुसात ओढणं, असा विचार कधी मनात आला असेल तर तोही सोडून द्या. जंतूंना चांदीची सवय होत नाही, हेही खरं नाही. १९७५ सालीच एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीला न जुमानणारे जिवाणू सापडले होते.

सर्दी आठवड्यात जाते म्हणता, तर ती चांदी न घेताही साधारण तेवढ्यातच जाते. सायनसचं मात्र दोन वर्षं असंच चालू असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एकदा जाऊन या. नाकाचं हाड वाकडं आहे, मांस वाढलंय की ॲलर्जी आहे, हे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. तोपर्यंत तुमच्या डिस्टिल्ड वॉटरचा चांगला उपयोग सुचवतो. एका लिटरला ९ ग्रॅम बिनआयोडिनचं मीठ घालून कोमट करा आणि त्याने नाक धुवा. जुन्या सायनसच्या त्रासात याने बऱ्याच जणांना आराम पडतो. पाणी डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको. आणि कृपा करून उरलेलं चांदीचं पाणी संपवायला त्यात ओतू नका, मीठ टाकल्यावर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

पुतण्याला रागावू नका. आयन आणि कण यांतला फरक त्याला कळला, हेही पुष्कळांना कळत नाही.

आणि एक काम आजच, दिवसाच्या उजेडात. खिडकीशी उभे राहा, ओठ वर करून हिरड्या बघा आणि नखांच्या मुळाशी असलेली पांढरी अर्धचंद्रं बघा. चांदीचा रंग बहुधा तिथेच आधी दिसतो. हिरड्यांवर राखाडी-तपकिरी छटा किंवा अर्धचंद्रांत निळसर झाक असेल तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, उन्हापासून चेहरा नि हात जपा. वहिनींचं तुम्ही बघा, तुमचं त्यांना बघू द्या. रोज आरशात दिसणारा स्वतःचा रंग बदललेला आपल्याला सगळ्यात शेवटी कळतो.